आर्सच्या चर्चचा कारभारी

फ्रान्समधील लिऑन शहराच्या उत्तरेला साधारण पस्तीस किलोमीटरवर दोंब नावाचे तळ्यांनी भरलेले, दमट हवेचे पठार आहे. ९ फेब्रुवारी १८१८ रोजी, दिवस कलत असताना, एक तरुण धर्मगुरू पायी चालत त्या पठारावर पोहोचला आणि धुक्यात वाट चुकला. मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाला त्याने आर्स गावाचा रस्ता विचारला. मुलाने हात करून दिशा दाखवली. त्या भेटीचे शिल्प आता गावाबाहेर उभे आहे. त्या संध्याकाळी मात्र या दोघांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसेल. मागून येणाऱ्या गाडीत एक लाकडी पलंग, थोडे कपडे आणि पुस्तके एवढेच सामान होते. गावाची वस्ती होती अवघी अडीचशेच्या आत.

धर्मगुरूचे नाव ज्याँ-मारी व्हियाने. आपल्याकडील ख्रिस्ती समाज त्यांना संत जॉन मेरी व्हियानी म्हणून ओळखतो. ४ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन. मुंबई-वसईच्या चर्चमध्ये त्या दिवशी धर्मगुरूंना शुभेच्छा दिल्या जातात. दिवसाचे चौदा-सोळा तास पापनिवेदन ऐकणारा संत ही त्यांची जगभरची ओळख. परंतु पडके चर्च पुन्हा उभे करणारा, त्यासाठी पैसा मिळवणारा आणि मिळालेला पैसा हाती ठरू न देणारा कारभारी ही त्यांची दुसरी ओळख सहसा मागे पडते. प्रार्थनास्थळ सांभाळायचे कोणी आणि त्याचा खर्च द्यायचा कोणी, हा प्रश्न ज्यांना कधी पडला असेल त्यांनी हे दुसरे चरित्र अवश्य पाहावे.

व्हियाने यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी लिऑनजवळच्या दार्दीयी गावी, शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. नोव्हेंबर १७८९मध्ये चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. जमिनी विकल्या गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या, नव्या राज्यघटनेची शपथ न घेणारे धर्मगुरू भूमिगत झाले. व्हियाने यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद १७९९ साली एका घरात गुपचूप झाला. शिक्षण फार उशिरा सुरू झाले आणि लॅटिनने त्यांना अक्षरशः रडवले. १८०९मध्ये नेपोलियनच्या फौजेत भरतीचा हुकूम आला, तेव्हा पलटणीपासून मागे पडून ते ले नोए या डोंगरी गावात टोपणनावाने लपून राहिले. पुढच्या वर्षी माफी जाहीर झाली. एकुलीचे धर्मगुरू बाले यांनी या मंद विद्यार्थ्याची बाजू सोडली नाही, म्हणूनच १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोब्ल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळू शकली. बाले १८१७च्या अखेरीस वारले आणि त्यांच्या शिष्याला आर्सला धाडण्यात आले. आर्स तेव्हा स्वतंत्र धर्मग्रामसुद्धा नव्हते, शेजारच्या मिझेरिओच्या धर्मग्रामाला जोडलेले ते एक उपकेंद्र होते. तो दर्जा १८२१मध्ये मिळाला.

त्या काळची व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. १८०१मध्ये नेपोलियन आणि पोप यांच्यात करार झाला. जप्त मालमत्ता परत मागायची नाही, असे चर्चने मान्य केले आणि त्या बदल्यात धर्मगुरूंना सरकारी वेतन सुरू झाले. खेड्यातल्या धर्मगुरूचे वेतन बेताचेच असे. इमारतीचे काय? त्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात ‘फाब्रिक’ नावाचे विश्वस्त मंडळ असे. ३० डिसेंबर १८०९च्या हुकुमाने त्याचे काम बांधून दिले होते : चर्चची डागडुजी, दफनभूमीची निगा, मेणबत्त्या, वस्त्रे, घंटा. उत्पन्नाच्या बाजूला खुर्च्या आणि बाकांचे भाडे, दानपेट्या, फेरीने जमवलेली वर्गणी, अंत्यविधीचे शुल्क आणि कोणी ठेवून गेलेल्या ठेवी. यातून भागले नाही तर तूट गावच्या तिजोरीने भरायची. कागदावर व्यवस्था नेटकी होती. पण चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या, गरीब शेतकऱ्यांच्या गावात खुर्च्यांचे भाडे ते किती येणार आणि गावच्या तिजोरीत तरी काय असणार?

आर्सचे चर्च लहान, अंधारे आणि दुर्लक्षित होते. क्रांतीच्या काळात त्याचा घंटाघराचा मनोरा पाडला गेला होता. वेदी जुनाट झाली होती, वस्त्रे विटलेली होती. समोरच्या मोकळ्या जागेत सणाच्या दिवशी नाच चाले आणि हाकेच्या अंतरावर दारूचे गुत्ते होते. नव्या धर्मगुरूने आल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती अशी : निवासस्थानातले बरेचसे चांगले फर्निचर ज्या वाड्यातून आले होते तिथे परत पाठवले. मोजक्याच वस्तू ठेवून घेतल्या. त्यानंतर चर्चची मुख्य वेदी स्वतःच्या खर्चाने नवी करवून घेतली. कारागिरांच्या हाताखाली स्वतः राबले आणि लाकूडकामाला रंगही स्वतःच दिला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे जीर्णोद्धाराची सुरुवात पावतीपुस्तक छापण्याने होते. समिती बसते, अध्यक्ष ठरतो, मग पायरीपायरीवर दात्यांची नावे कोरली जातात. त्यात वाईट काही नाही, देवळे आणि चर्च त्यावरच उभी राहिली आहेत. पण व्हियाने यांनी गावाला आधी काम दाखवले आणि स्वतःचे रिकामे घर दाखवले. मागणाऱ्याच्या घरात दानातला पैसाही मुरत नाही, हे खेड्यातल्या माणसाला हिशेबाची वही न पाहताही कळते. ते काय खातात हे सगळ्यांना ठाऊक होते. बटाटे एकदाच उकडून ठेवायचे आणि दोनतीन दिवस गारच खायचे!

१८२०मध्ये विटांचा नवा चौकोनी मनोरा उभा राहिला. त्यानंतर चर्चच्या बाजूंना एकेक उपासनाकक्ष जोडला जाऊ लागला. एक मरियामातेचा, एक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, पुढे संत फिलोमिना, दुःखी ख्रिस्त आणि देवदूत यांचे. योहानाच्या कक्षाची एक कथा चरित्रकार सांगतात. सुताराचे पैसे द्यायची वेळ आली आणि खिशात काही नव्हते. फादर अस्वस्थ होऊन गावाबाहेर फिरायला गेले, तर वाटेत एका अनोळखी बाईने नेमकी हवी तेवढी रक्कम हातावर ठेवली. श्रद्धावंतांना त्यात चमत्कार दिसतो. मला दिसते ते असे की पैसे हाती येण्याआधी काम सुरू करण्याची फादरांना सवय होती, आणि अशा माणसाच्या आयुष्यात एकतर दिवाळे निघते नाहीतर अशा कथा तयार होतात.

मोठा आधार होता तो वाड्याचा. वाड्यात दे गारे घराण्यातल्या वृद्ध, अविवाहित मादम्वाझेल आर्स राहत असत. क्रांतीच्या धामधुमीतही त्यांनी गाव सोडले नव्हते. पॅरिसला राहणारे त्यांचे बंधू व्हिकोंत फ्राँस्वा यांना या धर्मगुरूविषयी विलक्षण आदर वाटू लागला आणि तेथून जरीची वस्त्रे, मिरवणुकीचे छत्र, पताका असे मौल्यवान सामान आर्सला येऊ लागले. फादर स्वतः लिऑनला पायी जात. लिऑन ही रेशमाची राजधानी. फाटक्या झग्यातला हा खेडवळ धर्मगुरू दुकानात शिरून उत्तमातले उत्तम रेशीम आणि सोन्याचे कलाबतूकाम मागू लागला, की पेढीवरचे लोक एकमेकांकडे पाहत. स्वतःसाठी काही नको आणि वेदीसाठी सर्वांत महागडे हवे, हे गणित त्यांना उलगडत नसे. गरिबांच्या गावात इतके रेशीम कशासाठी, असे आजच्या वाचकाच्याही मनात येईल. त्यांच्या दृष्टीने उत्तर सरळ होते. ज्याच्या घरात चांगली वस्तू एकही नाही, त्याला निदान चर्चमध्ये तरी ती पाहायला मिळावी, आणि ती त्याच्याही मालकीची असावी.

या कामाला दुसरी, कडक बाजूही होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. चर्चपुढची जागा त्यांना नाचापासून मोकळी हवी होती. गुत्ते बंद पाडण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे प्रवचनांतून कोरडे ओढले. एका गुत्तेवाल्याला धंदा सोडण्यासाठी पदरचे पैसे दिले आणि तो माणूस खरोखरच शेतीला लागला. महापौर आंत्वान मांदी फादरांच्या बाजूचे होते. योहानाच्या कक्षाच्या कमानीवर, त्या संताचे शिर हे एका नाचाचे मोल होते अशा अर्थाचा मजकूर रंगवून घेतलेला होता. तरुणांना हे सारे जाचत असणार यात शंका नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यावर गलिच्छ आळही घेतले गेले. पुढे आसपासच्या धर्मगुरूंनी त्यांच्या अपात्रतेविषयी बिशपांकडे अर्ज करायचे ठरवले आणि तो अर्ज फिरत फिरत चुकून त्यांच्याच हाती आला, तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःची सही करून तो पुढे पाठवला.

१८२४मध्ये त्यांनी गावातल्या मुलींसाठी मोफत शाळा काढली. लवकरच तिथे अनाथ आणि बेघर मुली राहू लागल्या आणि शाळेचे अनाथालय झाले. नाव ‘ला प्रॉव्हिडाँस’, म्हणजे ईश्वरी तरतूद. चर्चजवळचे घर त्यासाठी विकत घेण्यात आले. चालवायला गावच्याच दोन शेतकरी मुली होत्या, कातरीन लासान्य आणि बनुआत लार्दे. मुलींची संख्या पन्नास-साठापर्यंत गेली. फी नाही, ठेव नाही, ठरलेले अनुदान नाही. आज आलेले दान आज खर्चायचे, उद्याचे उद्या. एका टंचाईच्या वर्षी माळ्यावर मूठभर धान्य उरले असताना सकाळी तो गच्च भरलेला आढळला, ही आर्सची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका याच घराची. कातरीनबाईंनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणी हे व्हियाने यांच्या चरित्राचे एक प्रमुख साधन आहे.

मात्र ईश्वरी तरतुदीवर चालणारे हे घर खऱ्या अर्थाने एकाच माणसाच्या खिशावर चालत होते. त्याचे वय वाढत होते, शिकवणाऱ्या बायकांना रीतसर शिक्षण नव्हते, शाळांविषयीचे सरकारी नियम कडक होत होते. धर्मप्रांताचे अधिकारी आणि गावातली काही वजनदार मंडळी यांनी आग्रह धरला आणि १८४७-४८मध्ये ही संस्था संत जोसेफच्या धर्मभगिनींकडे सोपवण्यात आली. नव्या व्यवस्थेत अनाथालय फार काळ राहिले नाही. व्हियाने यांना हा घाव जिव्हारी लागला. त्यांनी विरोध केला नाही, पण या निर्णयात ईश्वरी इच्छा आपल्याला दिसत नाही हे त्यांनी लपवलेही नाही.

यानंतर त्यांच्या पैशाच्या व्यवहारात एक बदल दिसतो. तोवरचे त्यांचे दान वाहत्या पाण्यासारखे होते. आता ते ठेवी ठेवू लागले. मुलांच्या मोफत शिक्षणाची तजवीक केली. १८४९मध्ये बेले येथील ‘पवित्र कुटुंबा’चे बंधू आर्सच्या शाळेवर आले, त्यांत पुढे फादरांचे निकटचे सहकारी झालेले ब्रदर आतानाझ होते. वेगवेगळ्या गावांत ठरावीक वर्षांनी धर्मप्रवचनांचा सप्ताह व्हावा यासाठी त्यांनी कायमचे निधी बांधून दिले. मिस्सांसाठी ठेवी ठेवल्या. मुद्दल राहील आणि व्याजावर काम चालेल, अशी ही योजना. दोन्ही पद्धतींत मला कोणती पटते? खरे सांगायचे तर दुसरी. पण पहिली नसती तर दुसरीसाठी पैसा देणारे हजारो लोक आर्सला आले असते असे वाटत नाही.

कारण एव्हाना आर्स तीर्थक्षेत्र झाले होते. अखेरच्या वर्षांत दरसाल साठ-सत्तर हजारांहून अधिक यात्रेकरू येत असा अंदाज आहे. लिऑनहून घोडागाड्यांच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. गुत्ते गेलेल्या गावात यात्रेकरूंसाठी खाणावळी निघाल्या आणि फादरांची चित्रे दुकानांत विक्रीला टांगली गेली. पैसा येत होता आणि तितक्याच वेगाने जात होता. अनेक गरीब कुटुंबांचे घरभाडे नोव्हेंबरमध्ये संत मार्टिनच्या सणाला, म्हणजे वर्षाचा हिशेब चुकवायच्या दिवशी, फादर गुपचूप भरत. चर्चजवळ राहणाऱ्या एका अंध म्हातारीच्या ओच्यात ते काही न बोलता वस्तू टाकून जात आणि ती बिचारी शेजारीण समजून तिचे आभार मानी. ही गंमत त्यांना फार आवडे.

आपल्याकडे विकण्याजोगे काही आहे असे वाटले की तेही ते विकून टाकत. १८५२मध्ये बिशप शालांदों यांनी त्यांना मानद कॅनन केले आणि रेशमी खांदेवस्त्र त्यांच्या अंगावर जवळजवळ जबरदस्तीने चढवले. फादरांनी ते पन्नास फ्रँकांना विकून पैसे एका ठेवीत घातले, आणि बिशपांना पत्र लिहून तसे आनंदाने कळवलेही. १८५५मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने ‘लेजियों दॉनर’ हा सन्मान दिला. त्यासाठी बारा फ्रँक भरावे लागतील असे समजताच त्यांनी तो नाकारला, कारण एवढ्या पैशात गरिबांचे काही काम झाले असते. पैसे दुसऱ्यांनी भरले. डबी आली तेव्हा आत एखाद्या संताचे अवशेष असतील या आशेने त्यांनी ती उघडली आणि पदक पाहून ती सहायक धर्मगुरू तोकानिए यांना देऊन टाकली.

या सगळ्यात स्वतः व्हियाने यांना काय हवे होते? त्यांना तिथून जायचे होते. एकांतात जाऊन स्वतःच्या पापांसाठी रडावे, ही इच्छा त्यांनी आयुष्यभर बाळगली. सप्टेंबर १८४३मध्ये, मोठ्या आजारातून उठल्यावर, ते रात्री निघून दार्दीयीला भावाच्या घरी गेले. यात्रेकरू तिथेही पोहोचले आणि काही दिवसांनी ते परतले. सप्टेंबर १८५३मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न केला, तेव्हा गावात धोक्याची घंटा वाजवण्यात आली. लोकांनी अंधारात वाट अडवली, विनवण्या केल्या, आणि अखेर ते चर्चमध्ये परत जाऊन पापनिवेदनाच्या आसनावर बसले. त्या रात्रीच्या गर्दीत भक्ती किती आणि गावाच्या पोटाची काळजी किती, हे वेगळे करता येणार नाही. धर्मगुरू गेला असता तर गाड्या, खाणावळी, शाळा, गरिबांचे भाडे, सारेच थांबले असते. ज्या गावाने एकेकाळी त्यांच्याविरुद्ध तोंडसुख घेतले, त्याच गावाचा आता त्यांच्यावाचून निभाव लागत नव्हता.

४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. आर्सचा कारभार त्यांनी एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ पाहिला. अखेरच्या दिवसांत संत फिलोमिनाच्या नावाने मोठे नवे चर्च बांधण्याची धडपड सुरू होती. ते काम त्यांच्यामागे, १८६२पासून, वास्तुविशारद पिएर बोसां यांनी केले. लिऑनच्या टेकडीवरचे फुर्व्हिएरचे भव्य चर्च पुढे त्यांच्याच आराखड्यावरून उभे राहिले. आर्सला बोसां यांनी जुने चर्च पाडले नाही. त्याच्या मागच्या बाजूला नवी घुमटाकार वास्तू जोडली.

८ जानेवारी १९०५ रोजी पोप दहावे पायस यांनी व्हियाने यांना धन्यवादित घोषित केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्रान्सने राज्य आणि चर्च यांना वेगळे करणारा कायदा केला. धर्मगुरूंचे सरकारी वेतन थांबले, फाब्रिक मंडळे बरखास्त झाली, आणि गावोगावची जुनी चर्च गावांच्या मालकीची ठरली. पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धाळूंनी ठेवलेल्या मिस्सांच्या ठेवीही चर्चच्या हातून गेल्या. कायम टिकाव्यात म्हणून ठेवलेल्या रकमांचे असे झाले. तेव्हापासून बहुतेक फ्रान्समध्ये धर्मगुरूंचा चरितार्थ सभासदांनी दरवर्षी स्वेच्छेने द्यायच्या वर्गणीवर चालतो. ही वर्गणी कोणावर बंधनकारक नसते. ती द्यावी असे माणसाला आतून वाटावे लागते.

३१ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी व्हियाने यांना संतपद दिले आणि १९२९मध्ये जगातल्या सर्व धर्मग्रामगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचे नाव जाहीर केले. आर्सला आजही लाखो लोक जातात. बोसां यांच्या घुमटाखालून पुढच्या दाराकडे चालत आले की छत अचानक खाली येते, भिंती जवळ येतात आणि आपण त्या जुन्या, लहान चर्चमध्ये उभे असतो. बाजूंना ते उपासनाकक्ष आहेत. शेजारच्या निवासस्थानात पलंग, भांडी आणि फाटका झगा जपून ठेवला आहे. दारावर १८२०चा विटांचा मनोरा आहे.